मावशीचे साठ

बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत म्हाताऱ्यानं मला त्रेपन्न वेळा मारलं होतं. चोपन्नाव्या वेळी मी हातातला कंट्रोलर टेबलावर आपटला आणि म्हटलं, "मेल्या, घटकाभर दम तरी घे!" तो कशाला दम घेतोय? तो पडद्यावरचा. दम लागतो तो मला.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर वाटायचं या बाईला वेड लागलंय. आमची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. तलवारी, पडके किल्ले, धुकं, असला सगळा मामला. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक दांडगा शत्रू उभा असतो, त्याला बॉस म्हणतात. तो पडला की पुढचं दार उघडतं. असे तेवीस बॉस. कामाच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे रकाने आहेत, चित्राचा, आवाजाचा, हालचालीचा, आणि शेवटच्या रकान्यावर नुसतं लिहिलंय, "मावशी". तो हिरवा झाल्याशिवाय बॉस बाहेर जात नाही. ती मावशी म्हणजे मी. वय चोपन्न, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, आणि अख्ख्या इमारतीत सगळ्यांत मंद हात.

हे पद मी काही मागून घेतलेलं नाही. मी आपली खाली दारापाशी बसायचे, फोन घ्यायचे, सही करून पार्सलं घ्यायचे. चार वर्षांपूर्वी दाढीनं एकदा गंमत म्हणून मला वर बोलावलं. दाढी म्हणजे गेमची सगळी रचना करणारा, तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचा. सगळे त्याला दाढीच म्हणतात, तोही फोनवर "दाढी बोलतोय" असंच म्हणतो. "मावशी, जरा खेळून बघा," म्हणाला. मी दोन तास मरत राहिले आणि तो मागं उभा राहून वहीत लिहीत राहिला. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की इथली सगळी पोरं चड्डीत असल्यापासून हेच करत आलीत, त्यांना काही अवघड वाटतच नाही. तर माप मावशीचं धरायचं. नियम ठरला: मावशीनं साठ वेळा लढायचं. साठांत एकदा जिंकली तर बॉस पास. नाही जिंकली तर खिडकी एका चित्रानं रुंद करायची आणि मावशीनं पुन्हा साठ वेळा मरायला बसायचं. ऑफिसात याला "मावशीचे साठ" म्हणतात. कुणी नवीन आलं की आधी मला बघायला येतं.

खिडकी म्हणजे काय तेही ऐका. शत्रू वार करतो तेव्हा आपल्यापुढं दोनच वाटा. एक, वार चुकवायचा. अंगठा दाबला की आपला गडी टुणकन बाजूला. दुसरी, वार परतवायचा. तलवार अगदी अंगावर येते त्या क्षणी बटण दाबायचं, खण्णकन आवाज होतो, शत्रूचा तोल जातो आणि तो आयता हातात सापडतो. पोरं याला डॉज आणि पॅरी म्हणतात. मी चुकवणं आणि परतवणं म्हणते. मेलेलं माणूस कुठल्याही भाषेत मेलेलंच. चुकवायला वेळ भरपूर मिळतो, पण चुकवून शत्रूचं काही बिघडत नाही, लढाई बारा-बारा मिनिटं रेंगाळते आणि जीव नकोसा होतो. परतवत गेलं तर तीन मिनिटांत खेळ खलास, पण वेळ साधावी लागते. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकतात. त्यातल्या नेमक्या नऊ चित्रांत बटण दाबलं तर परतवलं, नाहीतर मुंडकं गेलं. ती नऊ चित्रं म्हणजे खिडकी.

म्हातारा हा तेविसावा, शेवटचा. चिलखत नाही, ढाल नाही, नुसता एक वाकलेला माणूस आणि एक लांब तलवार. बाकीच्या बावीस जणांना हवं तसं मारा, चुकवत मारा नाहीतर परतवत. याचा शेवटचा वार मात्र चुकवताच येत नाही. कुठंही उडी मारा, हा तिथं पोचतो. परतवायलाच लागतो. आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला गेमला कुलूप लागणार होतं, म्हणजे त्यानंतर आत कुणी टाचणीसुद्धा हलवायची नाही.

"दाढी," मी बसल्या जागेवरून हाक मारली, "याला चुकवायची काहीतरी सोय कर."

तो आला. डोळ्यांखाली काळं झालेलं, शर्टाला कॉफीचा डाग. "मावशी, तेवढं सोडून काहीही मागा."

"का? बावीस जणांपुढं लोकांना पळू दिलंस, मग तेविसाव्याला काय धाड भरली?"

"म्हणूनच तर," तो खुर्ची ओढून बसला. "बावीस वेळा पळायची मुभा दिली. एक वार तरी समोरून घ्यायला नको? ज्यानं अख्खा गेम चुकवत काढला त्यालाही शेवटी एकदा उभं राहायला लागतं. मी तीन वर्षं या एका वारासाठी गेम बांधतोय."

"वार तुझा, मुंडकं माझं."

तो हसला, पण दमून. "खिडकी रुंद करतो. नियम आहे. पळवाट मात्र नाही."

"आणि ज्यांचा हात मंद आहे त्यांनी काय करायचं?"

"त्यांच्यासाठी तुम्ही आहात की," असं म्हणून तो उठला. मी पंचावन्नाव्यांदा मरायला घेतलं.

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्या इमारतीत कुणाला माहीत नव्हती. परतवण्याचं बटण उजव्या हाताच्या तर्जनीखाली असतं, चुकवण्याचं डाव्या अंगठ्याखाली. गेले आठ महिने माझी उजवी तर्जनी माझं ऐकत नव्हती. म्हणजे ऐकायची, पण आतल्या खोलीतून "आले आले" म्हणत यावं तशी यायची. वर्षापूर्वी याच गेमचा पहिला बॉस मी नऊ चित्रांच्या खिडकीत परतवून पाडला होता, एकेचाळिसाव्या फेरीत. तेव्हा मंद होते पण धड होते. पाचव्या बॉसपासून मी गुपचूप चुकवायला लागले. कुणी विचारलंच तर म्हणायचे, मला बाई चुकवणंच आवडतं, भांडणात पडायचा आपला पिंडच नाही. जिथं नुसतं चुकवत बारा मिनिटं तग धरवत नसे तिथं परतवायला जाऊन साठ वेळा मरायचे, खिडकी रुंद व्हायची, पुन्हा साठ. म्हाताऱ्याची खिडकी त्या बुधवारी सोळा चित्रांवर आली होती.

आमच्या आईला कंपवात होता. तिचंही असंच सुरू झालं होतं, एका हातापासून. नऊ वर्षं अंथरुणात होती आणि ती नऊ वर्षं ताईनं काढली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी कामावर जायचे, आणि ताई आईला भरवायची, पुसायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. त्यापायी तिनं स्वतःचं शिवणाचं दुकान बंद केलं, कंबर मोडून घेतली. आई गेली त्याला तीन वर्षं झाली. आता घरातच ताई लोकांचे कपडे उसवून लहान-मोठे करून देते, आणि आता कुठं तिला दुपारी बिनघोर झोप लागायला लागली आहे. एकदा म्हणाली होती, "आता कुणाचं काही करायची ताकद नाही गं माझ्यात. तुझं-माझं आपलं आपण आवरायचं आणि एक दिवस गप्प मरायचं." त्या बाईला मी काय सांगू? की ताई, ऊठ, बाह्या वर कर, दुसरी तयार झाली? नोकरीची भीती नव्हती असं नाही. पण नोकरीपेक्षा मला ताईच्या चेहऱ्याची भीती वाटायची. म्हणून डॉक्टरकडे गेले नव्हते. वय झालंय, थंडी आहे, म्हातारा अवघड आहे, रोज नवीन कारण शोधायचे आणि स्वतःच्याच गळ्यात मारायचे.

त्या संध्याकाळी घरी गेले तर ताई खाली मान घालून कुणाच्या तरी पँटची खालची दुमड उसवत होती. पाय पुसतेय तोवर म्हणाली, "आलीस? जरा एवढा दोरा ओवून दे गं, मला दिसत नाही."

"हात धुऊन येते."

"घे धुऊन."

मी मोरीत जाऊन पाणी सोडलं आणि उभी राहिले. बाहेर आले तोवर तिनं स्वतःच कसाबसा ओवला होता. "आजकाल तुला काही सांगितलं की तू मोरीत," ती म्हणाली. चेष्टेनं म्हणाली असं मला वाटलं. मी चहा टाकते म्हणून आत पळाले. चहाचा कप डाव्या हातानं आणला. ती कपाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा कामाला लागली. जेवताना दोघीही फारसं बोललो नाही. गेले काही महिने आमच्याकडे असंच चाललं होतं. मला वाटायचं, ती दमलीय.

गुरुवारी सकाळी बाहेरची बारा माणसं खेळायला बोलावली होती. ही कंपनीची पद्धत, कुलूप लागायच्या आधी परक्यांच्या हातात एकदा गेम द्यायचा. बुधवारचे माझे साठ फुकट गेले होते, त्यामुळं खिडकी सतरावर गेली होती. बाराच्या बारा जणांनी म्हाताऱ्याला पहिल्या-दुसऱ्या फटक्यात लोळवलं. एकीनं तर खेळता खेळता जांभई दिली. एकजण दाढीला म्हणाला, "हा शेवटचा? मला वाटलं हा दारवान असेल, खरा बॉस आत असेल." दुसरा म्हणाला, "पहिले चार भारी होते. पाचव्यापासून तुम्ही कंटाळलात का?"

दाढी त्यांच्याशी हसून बोलला, हात मिळवले, लिफ्टपर्यंत सोडायला गेला. परत आल्यावर जिन्यात बसला. चित्रं काढणारा एकजण त्याच्याजवळ उभा होता आणि मी वरच्या वळणावर. खाली जायला निघाले होते, थबकले.

"मावशीचा रकाना काढून टाक," चित्रवाला म्हणाला. "एका माणसापायी अख्खा गेम पातळ झाला."

"नाही."

"अरे, ऐकलंस ना लोक काय म्हणाले?"

"ऐकलं. माझंच कुठंतरी चुकलंय. चाल चुकली असेल, वाराची खूण नीट दिसत नसेल, काहीतरी असेल." त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "मावशी खोटं खेळत नाहीत. मागच्या गेमला लोकांनी पत्रं लिहिली, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शेवटपर्यंत खेळलो म्हणून. ते मावशींमुळं. त्यांना जमत नसेल तर दोष माझा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोटंच खेळत होते. तो पोरगा स्वतःच्या कामात खोट शोधत होता आणि खोट माझ्या बोटात होती. पाऊल न वाजवता मी मागं फिरले.

दुपारी आकडेवालीनं मला छोट्या खोलीत बोलावलं. ही शांत मुलगी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खेळणाऱ्यानं कुठलं बटण कधी दाबलं, किती उशिरा दाबलं, सगळं तिच्याकडे जमा होतं. तिनं दार लावलं आणि पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक निळी, सरळ आडवी. दुसरी तांबडी, चढत गेलेली.

"ही वर्षभरातली तुमची बटणं," ती म्हणाली. "मी आजच नीट वेगळी काढली. आत्तापर्यंत सगळी एकत्र बघत होतो, त्यामुळं कळलंच नाही."

"वय झालं माझं. दुसरं काय?"

"मावशी, वय झालं असतं तर दोन्ही हात सारखेच मंदावले असते." तिनं निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "हा तुमचा डावा हात. वर्षापूर्वी होता तसाच्या तसा आहे. उलट थोडा सुधारलाय. आणि हा उजवा."

मी रेघेकडे बघत राहिले. पाचव्या बॉसपासून सगळे आकडे माझ्या बोटाबरोबर सैल होत गेले होते. आम्ही गेम माझ्या मापानं कापत होतो आणि मापच बिघडत होतं, आणि बिघडलेल्या मापाला माप म्हणून पुन्हा पुढचं कापत होतो. इतकी शहाणी पोरं, पण कुणाला शंका आली नाही, कारण मावशीवर शंका घ्यायची नाही हाच तर नियम.

"तू काय डॉक्टर आहेस?" मी एकदम खेकसले. "आकडे मोज आणि गप्प बस."

तिचा चेहरा उतरला. पण ती हलली नाही. "मी कुणाला दाखवलेलं नाही," ती हळू म्हणाली. "दाखवणारही नाही, तुम्ही म्हणाल तोवर. पण एक करून बघता येईल. परतवणं डाव्या हाताकडे द्यायचं, चुकवणं उजव्याकडे. आणि खिडकी मूळची, नऊ. तुम्हाला जमलं तर तुम्ही अजून खरं माप आहात. गेमही वाचेल."

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर गेम खरंच अवघड आहे आणि माझा अंदाज चुकला."

पोरगी हुशार, पण तिला अर्धंच दिसत होतं. मला उरलेलं अर्धं लख्ख दिसलं. नाही जमलं तर मी सुटले, वय झालं म्हणून मोकळी झाले. जमलं तर मात्र सगळी कारणं संपली. मग उरतो फक्त उजवा हात, आणि आई. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि तीन वाजताच घरी पळाले. ताईला म्हटलं, झोपते जरा. पालथी पडून राहिले, डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी सकाळपासून सतराच्या खिडकीत पुन्हा साठ. दीड वाजता साठ संपले. सगळे मागं उभे होते. बाहेरचे बारा जण ज्याला जांभई देत मारून गेले, त्याला मी साठ फेऱ्यांत हात लावू शकले नव्हते. तर्जनी आता बटणावर नुसती ठेवली तरी दुखत होती.

दाढी भिंतीला टेकून उभा होता. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "अठरा करा." चित्रवाला काहीतरी म्हणायला गेला तशी दाढीनं मान हलवली. "नियम आहे. अठरा करा. फार तर लोक हसतील. पण बाहेर एकजण तरी मावशींसारखा असेल ना?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, त्याचा, माझा, सगळ्यांचा. "थांब," मी म्हटलं. "अठरा-बिठरा काही करायचं नाही. बटणं उलटी करा. परतवायचं डावीकडे. आणि खिडकी नऊ कर."

"नऊ?" चित्रवाल्यानं आ वासला. "मावशी, सतरात जमत नाही आणि..."

"मला मोजता येतं. नऊ कर म्हटलं ना!"

आकडेवाली पुढं आली आणि बदल करून दिला.

आता चुकवणं उजव्या हाताकडे गेलं होतं, म्हणजे माझ्यापुरती ती वाट बंदच झाली. म्हाताऱ्याचा प्रत्येक वार परतवायचा, शेवटचा तर परतवायचाच. पहिले पाच-सहा वेळा डोकं आणि हात यांचं भांडण झालं. सवयीनं चुकवायला जायचे आणि उजवा हात यायचा तेव्हा गडी आधीच आडवा झालेला असायचा. दहाव्या फेरीला पहिल्यांदा खण्णकन वाजलं. मग दोनदा लागोपाठ. म्हातारा तलवार उचलायचा, खांदा मागं न्यायचा, क्षणभर थांबायचा, आणि त्या थांबण्यात मला माझी वेळ स्वच्छ दिसायला लागली. डावं बोट बोलावल्यासरशी येत होतं. कित्येक महिन्यांत इतकं सोपं काही वाटलं नव्हतं मला. मान दुखत होती, घसा कोरडा पडला होता, पण मी पाणी प्यायलाही थांबले नाही.

एकतिसाव्या फेरीत त्यानं तो शेवटचा वार केला. मी हलले नाही. खण्ण झालं, म्हातारा गुडघ्यावर बसला, तलवार आडवी ठेवली आणि पडला.

खोलीत दंगा उसळला. कुणी खुर्च्या आपटल्या, कुणी शिट्ट्या मारल्या. दाढी माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. "नऊमध्ये, मावशी! नऊमध्ये पाडलंत!" मग डोळे पुसून ओरडला, "पाचव्यापासूनचे सगळे जुने आकडे परत घाला, आणि हात बदलायची सोय सगळ्यांना द्या. आत्ताच्या आत्ता!" कुलूप लागेपर्यंत वेळ होता तेवढ्यात मी डाव्या हातानं आणखी तिघांना मूळच्या आकड्यांवर पाडलं. दर वेळी टाळ्या झाल्या आणि दर वेळी माझी खात्री थोडी वाढली. म्हातारा अवघड नव्हता. थंडी नव्हती, वय नव्हतं. आकडेवाली तेवढी एकटी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती.

"पण हात का बदलला?" दाढीनं निघताना विचारलं.

"सोमवारी सांगते," मी म्हटलं. "सगळं सांगते. आज घरी आधी सांगायचंय."

घरी पोचले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. ताई मशीनवर बसली होती, मांडीवर कुणाचा तरी कोट.

"झाला का तुमचा गेम एकदाचा?" तिनं न बघता विचारलं.

"झाला."

"म्हातारा मेला?"

"मेला. ताई, मशीन थांबव."

तिनं पाय थांबवला. मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. "माझा उजवा हात ऐकत नाही," मी म्हटलं. "आठ महिने झाले. आईसारखंच वाटतंय. तुला सांगायचं नव्हतं. तू आत्ता कुठं जरा..."

"आठ महिने?" ती उभी राहिली. कोट खाली पडला. आईच्या नऊ वर्षांत मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, ती आता ओरडली. "आठ महिने मी समजतेय तू मला कंटाळलीस! दोरा ओव म्हटलं की मोरीत, ताट उचल म्हटलं की आत, शेजारी बसलं तर उठून जातेस. मला वाटलं हिला आता वेगळं राहायचंय, फक्त तोंडानं बोलवत नाही. रोज संध्याकाळी तू दारात आलीस की मला वाटायचं, आज म्हणेल, ताई, मी निघते. आठ महिने मी रोज त्याची वाट बघत बसले, कळतंय का तुला?"

मी तिला जपत होते असं समजत होते आणि ती इथं एकटी बसून हे भोगत होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलंच." ती खाली बसली. आवाज एकदम उतरला. "मी थकलेय गं. खरंच थकलेय. पुन्हा ते सगळं, नुसता विचार केला तरी पाठीत कळ येते. तुला खोटं कशाला सांगू? पण ते मला झेपेल की नाही हे माझं मी ठरवीन. तू नाही ठरवायचंस." तिनं मशीनवरचं कापड बाजूला केलं, कात्री सरकवली आणि तिथं थोडी जागा केली. "ठेव हात इथं. सैल सोड."

आईला पहिल्यांदा नेलं तेव्हा डॉक्टरनं असंच केलं होतं, मन आकड्यांत गुंतलं की कंप लपत नाही म्हणाला होता. मी खुर्ची ओढून बसले आणि हात ठेवला, तळवा वर, बोटं अर्धी मिटलेली.

"शंभरापासून उलटे आकडे म्हण," ताई म्हणाली. "हाताकडे लक्ष देऊ नकोस."

"शंभर," मी म्हटलं. "नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव."

ती चष्मा लावून वाकून बघत होती. मीही बघत होते, न बघून कसं चालेल? नव्वदपर्यंत हात गप्प पडून होता. एकोणनव्वदला मला वाटलं, उगाच घाबरलो आपण. पंच्याऐंशीला तर्जनी हलली. एकदा, मग पुन्हा, मग अंगठ्याशी घासत आपली आपण हलतच राहिली.

"थांबू?" मी विचारलं.

"नको," ताई म्हणाली. तिनं बोटावरची नजर काढली नाही. "म्हणत राहा."